फ्लूक ८७ व्ही: जुन्या पिकअपच्या येऊन-जाऊन फॉल्टसाठी कितपत कामाचा?

मल्टिमीटर म्हटला की आधी अचूकतेचे आकडे सांगितले जातात. ८७ व्हीची डीसी व्होल्टची अचूकता ०.०५ टक्के आहे आणि जुन्या पिकअपच्या वायरिंगमध्ये तिचा काडीचाही उपयोग नाही. तिथे बॅटरी १२.५८ दाखवते की १२.६१, याने काही अडत नाही. चाक खड्ड्यात गेल्यावर क्षणभर व्होल्टेज कुठे पळालं, हे कळायला हवं. या मीटरची खरी किंमत त्याच्या मिन-मॅक्स बटणात (सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकडा नोंदवून ठेवणाऱ्या) आहे.

साध्या मीटरचे आकडे सेकंदाला चारेक वेळा बदलतात. तेवढ्यात फॉल्ट येऊन जातो आणि नजर हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) असली तर तो दिसतही नाही. मिन-मॅक्स चालू असताना ८७ व्ही १०० मिलिसेकंद टिकलेली पडझडही पकडून ठेवतो आणि नवा नीचांक किंवा उच्चांक मिळाला की बीप करतो. म्हणजे डोळे आणि दोन्ही हात वायरिंगवर, मीटरकडे फक्त कान.

समजा, इंधन पंप मधूनच बंद पडतो. काळा प्रोब (मीटरच्या वायरचं टोक) थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब पंपाच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने पॉझिटिव्ह वायरला. पंप चालू करा, रेंज बटणाने ६० व्होल्टची रेंज पक्की करा, व्होल्टेज स्थिर झालं की मगच मिन-मॅक्स दाबा. आधी दाबलंत तर नीचांक म्हणून शून्य नोंदलं जाईल आणि पुढे बीपच येणार नाही. मग फ्यूज बॉक्सपासून सुरुवात करून हार्नेस वीतभर-वीतभर हलवत जा: चॅसीवरच्या क्लिपा, वायर जिथे लोखंडाच्या कडेवरून वळते ती जागा, रिलेचं (विजेवर चालणाऱ्या स्विचचं) सॉकेट, शेवटी कनेक्टर. बीप आला की तिथेच थांबा. एक खोच इथेच आहे: बीप फक्त नव्या विक्रमाला येतो. व्होल्टेज एकदा शून्यावर गेलं की पुढचे फॉल्ट मुकाट जातात. म्हणून प्रत्येक बीपनंतर बटण सेकंदभर दाबून धरून नोंद पुसा आणि पुन्हा सुरू करा.

तेच बटण अर्थसाठी (करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परतण्याच्या रस्त्यासाठी) उलट्या दिशेने, म्हणजे उच्चांक बघायला वापरायचं आणि पिकअपमध्ये हे काम जास्त पडतं. केबिन रबरी माउंटवर, हौदा वेगळा, इंजिन पुन्हा रबरावर. त्यामुळे अर्थचा रस्ता दोन-तीन पट्ट्यांवर आणि गंजलेल्या बोल्टांवर अवलंबून असतो. मागचा दिवा चालू ठेवा, लाल प्रोब होल्डरच्या अर्थ टोकाला, काळा बॅटरी निगेटिव्हला. ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. हौद्याची वायरिंग हलवताना उच्चांक एकदम वर गेला तर बल्ब बदलत बसू नका, अर्थचा बोल्ट खोला. इंडिकेटर लावल्यावर पार्किंगचा दिवाही लुकलुकतो, ब्रेक दाबला की भलताच दिवा मंद पेटतो, ही याच दुखण्याची लक्षणं. करंटला अर्थ मिळाला नाही की तो २१/५ वॉटच्या बल्बच्या दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा वाट काढतो. बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड काढा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि व्हॅसलीन नंतर वरून लावा.

आता जिथे हा मीटर फसवतो ते. त्याचा इनपुट रोध १० मेगाओहम आहे. हिरव्या पडलेल्या जोडात १००० ओहम अडथळा असला तरी कनेक्टर काढून मोजलं तर मीटर जवळजवळ पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. त्याच्या स्वतःच्या किरकोळ करंटला त्या जोडात एका मिलिव्होल्टपेक्षा थोडीच जास्त घट येते. त्याच वायरवर दिवा मात्र पेटणार नाही. कंटिन्युइटीचंही (वायर अखंड आहे का, हे बीपने सांगणाऱ्या चाचणीचंही) तसंच. एक मिलिसेकंदाचा तुटवडा पकडणारा हा बीपर उत्तम आहे, पण वायरचा एकच तंतू शाबूत असला तरी तो ‘जोड आहे’ म्हणून वाजतो. म्हणून सोबत १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब, दोन वायर आणि दोन क्लिपा असलाच पाहिजे. तो सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो आणि अर्ध्या ओहमच्या जोडावरही पाऊण व्होल्टहून जास्त घट दाखवतो. बल्ब लावून ठेवा आणि मीटरने घट मोजा. दोघे मिळून खरं सांगतात. फक्त ईसीयू (इंजिनचा संगणक), सेन्सर आणि एअरबॅगच्या वायरींना हा बल्ब लावू नका.

बॅटरी रात्रभरात उतरते, तीही कधीकधीच, या तक्रारीसाठी मीटर निगेटिव्ह केबलमध्ये मालिकेत जोडायचा असेल तर सुरुवात नेहमी १० अँपिअरच्या सॉकेटने करा. मिलिअँपिअर सॉकेटचा फ्यूज ४४० मिलिअँपिअरचा आहे. कोणी दार उघडलं आणि केबिनचा दिवा लागला की तो गेला. १० अँपिअरच्या बाजूचा फ्यूज ११ अँपिअर, १००० व्होल्टचा आहे. तो महाग असतो आणि त्याच्या जागी साधा काचेचा फ्यूज टाकणं म्हणजे मीटरचं सुरक्षा-मानांकन फेकून देणं. मीटर मालिकेत असताना सेल्फ मारायचा नाही. सगळं बंद झाल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा असेल तर बॅटरीला दोष द्या, वायरिंगला नको. आम्हाला मात्र दुसरी पद्धत अधिक पटते: ६०० मिलिव्होल्टच्या रेंजवर प्रत्येक ब्लेड फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर प्रोब टेकवायचे. रेंज ०.१ मिलिव्होल्टपर्यंत दाखवते. ज्या फ्यूजवर शून्याऐवजी काही येतं, त्यातून करंट जातोय. केबल न सोडता, फ्यूज न काढता चोर सापडतो. फ्यूज उपटत बसलं की अडकून राहिलेला रिले कधीकधी सुटतो आणि फॉल्ट त्या दिवसापुरता गायब होतो.

सोबत येणारं थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) गाडीच्या कामात अनपेक्षितपणे उपयोगी आहे. हेडलाइट किंवा हीटरचा पंखा दहा मिनिटं चालवून रिलेच्या पायांना, फ्यूजच्या सॉकेटला, इग्निशन स्विचच्या कनेक्टरला टेकवा. शेजाऱ्यांपेक्षा तापलेला पाय म्हणजे सैल पडलेली पकड.

उणिवा? सोबतचे प्रोब जाड आहेत, कनेक्टरमध्ये मागून घालायला बारीक पिना वेगळ्या घ्याव्याच लागतात. इन्सुलेशन टोचू नका. टोचलंच तर भोक सील करा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तिथेच हिरवं धरेल. वायरी बॅटरीपासून मागच्या दिव्यापर्यंत पोहोचत नाहीत, पाच-सहा मीटरची क्लिपवाली वायर करून ठेवा. २५० मायक्रोसेकंदांचा पीक मोड (अगदी क्षणिक उसळ्याही पकडणारा) चांगला वाटतो, पण इंजिन चालू असताना पेट्रोल गाडीत इग्निशनचा गोंगाट पकडून तो खोटे बीप देतो. तो बंदच बरा. उलट, मिन-मॅक्स चालू असताना मीटर आपोआप बंद होत नाही, त्यामुळे केबिनमध्ये ठेवून चाचणीला निघता येतं.

फक्त एका पिकअपसाठी हा घ्यावा का? नाही. मिन-मॅक्स आणि नव्या नोंदीला बीप, या दोन गोष्टी असलेला स्वस्त मीटर हेच काम करेल. घेण्याआधी दुकानातच ९ व्होल्टच्या सेलवर प्रोब धरा, मिन-मॅक्स लावा आणि एक प्रोब क्षणभर उचला: बीप आला आणि नीचांक नोंदला गेला तरच घ्या. बरेच मीटर नोंद ठेवतात पण बीप करत नाहीत, आणि एकट्याने गाडीखाली पडून काम करणाऱ्याला तो बीपच हवा असतो.