बाळासाठी डासांवरच्या वस्तू: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

पाऊस सुरू झाला की मेडिकलच्या काउंटरवर मलम, रोल-ऑन, कार्टूनचे स्टिकर, मनगटी पट्टे आणि मशीनच्या बाटल्या ओळीने मांडल्या जातात. घरात तान्हं बाळ असेल तर सगळ्यात कामाची वस्तू मात्र त्या ओळीत नसते. ती म्हणजे मच्छरदाणी.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगाला डासांचं कुठलंही औषध लावायचं नाही. त्याला जाळी आणि पूर्ण बाह्यांचे पातळ सुती कपडे, बस्स. छत्रीसारखी उघडणारी जाळी घेणार असाल तर तळाला कापड असलेली, चेनवाली घ्या. बिनतळाची स्वस्त पडते, पण गादी जरा उंचसखल असली की कडेला फट राहते आणि पलंगाखाली बसलेला डास तिथूनच शिरतो. जाळी ऐसपैस हवी. बाळाचा हात तिला टेकला तर डास बाहेरूनच चावतो. बाळ पालथं पडून ओढाओढ करायला लागलं की ही हलकी छत्री बाद. मग पलंगाची मोठी मच्छरदाणी, कडा गादीखाली नीट खोचून. डेंगी पसरवणारा एडिस दिवसा चावतो, तेव्हा दुपारच्या झोपेलाही जाळी लागतेच. हे बहुतेक घरांत विसरलं जातं.

मलमांकडे येऊ. ओडोमॉसच्या मलमात एन,एन-डायएथिल बेंझामाइड 12 टक्के असतं. हे डीट (डासांना दूर ठेवणारं एक रसायन) नव्हे, त्याच्या जवळचं रसायन. कोणत्या वयापासून लावायचं ते वेष्टनावर वाचा, दुकानदाराला विचारू नका. परदेशातून येणाऱ्या स्प्रेमध्ये बहुधा डीट असतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ दोन महिन्यांपुढच्या मुलांना 30 टक्क्यांपर्यंतचं डीट चालेल असं सांगतात. टक्के वाढले की तास वाढतात, एवढंच. 2002 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या चाचणीत 23.8 टक्क्यांचं डीट पाच तास टिकलं, 6.65 टक्क्यांचं दोन तासांच्या आत संपलं. संध्याकाळी तासभर बागेत जायचं असेल तर कमी टक्क्यांचंच पुरे.

लावायची पद्धत औषधाइतकीच महत्त्वाची. मलम आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या तळहातावर घ्यायचं, मग बाळाच्या उघड्या अंगावर पातळ पसरायचं: पोटऱ्या, घोट्यापर्यंतचे पाय, मनगटापर्यंतचे हात. बाळाचे तळहात आणि बोटं सोडायची, कारण ती पाच मिनिटांत तोंडात जातात. डोळे, ओठ, खरचटलेली जागा, पुरळ सोडायचं. कपड्यांच्या आत तर मुळीच नाही, तिथे ते झाकून राहतं आणि जास्त शोषलं जातं. मालिशच्या तेलकट अंगावर मलम बसत नाही, घसरतं. सनस्क्रीन लावायचं असेल तर ते आधी, मलम नंतर. दोन्ही एकत्र असलेली ट्यूब नको, कारण सनस्क्रीन पुन्हापुन्हा लावावं लागतं आणि त्याबरोबर औषधही विनाकारण चढत जातं. घरी आल्यावर साबणाने धुऊन टाका. अंगावर मलम ठेवून बाळाला झोपवू नका.

कपड्यांवर ठिपके लावायच्या रोल-ऑनमध्ये सिट्रोनेला आणि निलगिरीचं तेल असतं. ते कातडीला लावायचं नाही. कॉलरवरही नाही, बाळ कॉलर चघळतं. कपड्याच्या पाठीवर किंवा बाबागाडीच्या छतावर ठिपके द्या, पण फार भरवसा ठेवू नका: 2002 च्या त्याच चाचणीत सिट्रोनेलाची उत्पादनं वीस मिनिटंही धड टिकली नाहीत. मनगटी पट्टे तर मिनिटभरही नाही. पट्ट्यांवर पैसे घालवू नका. स्टिकर सुटून तोंडात गेला तर घशात अडकतो.

'नैसर्गिक' या शब्दाला भुलू नका. पाळण्याला कापराची पुरचुंडी बांधण्याची पद्धत सोडलेलीच बरी. कापूर किंवा निलगिरीचं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. लिंबाच्या वासाच्या निलगिरीचं तेल असलेली औषधं तीन वर्षांखालच्या मुलांना चालत नाहीत.

मशीनच्या बाटलीत ट्रान्सफ्लूथ्रिन हे कीटकनाशक असतं. बाळ झोपण्याआधी लावा, प्लग पाळण्यापासून लांब, खिडकी थोडी उघडी. कॉइल नकोच, धूर बाळाच्या फुप्फुसांत जातो. डासांची अगरबत्ती घेताना पुड्यावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक शोधा. नसेल तर आत काय आहे कोणालाच ठाऊक नाही.

संपत आलेली बाटली खिडकीच्या कट्ट्यावर राहते, आणि रांगणाऱ्या मुलाला ती खेळण्यासारखी दिसते. आतला द्रव रॉकेलसारखा असतो. मूल प्यायलं तर उलटी करवायला जाऊ नका, उलटीतून तो फुप्फुसात उतरतो. बाटली सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.