प्रशिक्षकाच्या पायाखालचा क्लच

वयाच्या बावन्नाव्या वर्षी चारचाकी शिकायचे ठरवले आणि पुण्यात आमच्या घराजवळच्याच एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातले. स्कूलचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जी तक्रार मांडणार आहे ती बऱ्याच ठिकाणी लागू पडेल, असा मला दाट संशय आहे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. त्यामुळे रोज अर्ध्या तासाचा, वीस दिवसांचा त्यांचा वर्ग या मुदतीत आरामात बसतो.

गिअर शिकवण्याची त्यांची पद्धत मला मनापासून आवडली. पहिल्या दिवशी वॅगनआरचे इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, नुसता दांडा हलवण्याचाच सराव झाला. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना माझी मूठ आवळली जाई आणि दांडा पुन्हा पहिल्याकडे ओढला जाई. ‘‘काकू, मूठ सैल सोडा, न्यूट्रलला तो आपसूक मधे येतो, मग नुसता पुढे ढकला,’’ असे प्रशिक्षकांनी सांगितले, आणि खरोखरच आतल्या स्प्रिंगमुळे दांडा तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत येऊन उभा राहतो, हे हाताला कळले. रिव्हर्स टाकण्यापूर्वी गाडी पूर्ण थांबलीच पाहिजे, हा नियम त्यांनी कर्रकन झालेला एक आवाज ऐकवून पटवला. तो आवाज माझ्याच हातून निघाला होता. रस्त्यावर आल्यावर काट्याकडे न पाहता इंजिनाचा आवाज ऐकून गिअर बदलायचा आणि वळणापूर्वीच, वळणात नव्हे, दुसरा टाकायचा, हेही नीट घोटून घेतले.

तक्रार आहे ती जोड-पेडलची. प्रशिक्षकांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात, ते सुरक्षिततेसाठी योग्यच आहे. परंतु माझा पाय कमी पडला की ते न सांगता आपला क्लच दाबत, आणि गाडी झटका न देता निघाली म्हणून मी मनातल्या मनात खूश होत असे. बाराव्या दिवशी त्यांनी फोन घेण्यासाठी पाय मागे घेतले आणि एकाच सिग्नलला माझी गाडी तीनदा बंद पडली. मागच्या रिक्षावाल्याने जे ऐकवले ते येथे लिहिण्याजोगे नाही. मी स्पष्ट बोलल्यावर मात्र उरलेले आठ दिवस त्यांनी पाय खरोखरच बाजूला ठेवले, आणि माझे खरे शिक्षण त्याच आठ दिवसांत झाले.

नाशिक फाट्याच्या ट्रॅकवर चाचणीच्या वेळी त्याचा उपयोग झाला. आठचा आकडा पहिल्याच गिअरमध्ये, हाफ क्लचवर, म्हणजे क्लचचे पेडल अर्धेच सोडून, सावकाश काढला. चढावावर हँडब्रेक ओढून, पहिला टाकून, क्लच हळूहळू सोडताना इंजिनाचा आवाज जड झाला आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखे वाटले, तेव्हाच हँडब्रेक खाली केला. गाडी मागे सरकली नाही.

या स्कूलमध्ये जायचे असल्यास, प्रशिक्षकांनी आपले पाय कधीपासून बाजूला ठेवायचे, हे पैसे भरतानाच ठरवून घ्यावे. वेळ सकाळची मागावी. संध्याकाळच्या तुकडीची गाडी जुनी असून तिचा क्लच फारच वर पकडतो, म्हणजे पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावरच गाडी हलते.