पाणी तांबडं झालं ते सळीमुळे, विहिरीमुळे नव्हे

आमच्या गोव्यातल्या डिचोली तालुक्यात विहिरीच्या पाण्यात लोह असणं काही नवं नाही. उपसलं की नितळ, तासाभराने बादलीच्या तळाला तांबडा गाळ. चहा काळा पडतो, मुलीचा शाळेचा पांढरा युनिफॉर्म पिवळट होतो. चतुर्थीला मुंबईची पंधरा माणसं यायची होती. त्या घाईत मी ४२,००० रुपये घालवले. ३८,५०० पाणी शुद्ध करायच्या मशीनचे, ३,५०० वर्षभराच्या सर्व्हिसचे.

मशीन विकणारे दोघेजण आले, गळ्यात ओळखपत्रं. एका ग्लासात आमचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या मशीनचं. दोन्हींत सळ्या सोडल्या, प्लग लावला. मिनिटभरात आमच्या ग्लासात हिरवट-तांबडा चोथा, त्यांचं पाणी जसंच्या तसं. "काका, हे तुम्ही रोज पिता!"

आई म्हणाली, "आपलं पाणी तांबडं व्हायला तास लागतो, हे एवढ्यात कसं झालं?" मी तिलाच गप्प केलं. ते अजून मनाला खातं. बाहेर काढलेली सळी उंदराने कुरतडल्यासारखी खडबडीत झाली होती, तीही मी बघितली होती! लोखंड त्या सळीचंच सुटत होतं. त्यांच्या पाण्यातले क्षार काढलेले, म्हणून त्यातून वीज जात नव्हती. कोणी असा खेळ दाखवला तर त्यांच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तसंच गढूळ होईल. टीडीएस मीटरलाही भुलू नका, तो विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो, त्याला लोह वेगळं कळत नाही.

मी तीस वर्षं बँकेत काढली, अडाणी नाही. पण आमच्या पाण्यात लोह खरोखरच होतं, म्हणून त्यांचं सगळंच खरं वाटलं.

त्यांनी बसवला साधा सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र. जांभ्यातल्या पाण्याला जडपणा मुळातच कमी, सॉफ्टनर हवा कशाला? तीन आठवड्यांत नळाला पुन्हा तांबडं. प्लंबरने सॉफ्टनरची टाकी उघडली तर आतले दाणे गेरूत बुडवल्यासारखे.

पोलीस म्हणाले, "सामान दिलंय ना, मग फसवणूक कसली?" दुसऱ्या कचेरीत उत्तर मिळालं, "खासगी विहीर आमच्याकडे येत नाही." तिसरीकडे साहेब जेवायला गेलेले, तीन वाजता आले आणि पहिलाच प्रश्न, "पक्कं बिल कुठाय?" बिल मी घेतलंच नव्हतं, जीएसटी वाचेल म्हणाले होते. चार खेपा, प्रत्येक वेळी नवा अर्ज, पोच एकाचीही नाही. सत्तरीच्या आईला मी काय तोंड दाखवू, हे त्या साहेबांना कोण विचारणार? ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, पण नोटीस धाडायला पत्ता लागतो. त्यांच्या कार्डावरच्या मडगावच्या पत्त्यावर शटर बंद.

बिलाशिवाय एक रुपया देऊ नका. आधी प्रयोगशाळेतून लोह आणि पीएच (पाण्याचा आंबटपणा) तपासून घ्या. आमचं पाणी आंबट निघालं, अशा पाण्यातलं लोह नुसत्या हवेने लवकर खाली बसत नाही. आता मापाने थोडा चुना, फवाऱ्याने टाकीत, रात्रभर निवळणं आणि मग वाळूचा थर. खर्च ४,२०० रुपये.

परवा मावसभावाने साखळी शहराजवळ तीच दोघं पाहिली. हातात सळ्यांची पेटी होती.