जॉस: सॉफ्टवेअर छापायला भारी, प्रमोशनच्या फॉर्मला विचारू नका

जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर, म्हणजे जॉस, हे संशोधनासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरवरचे पेपर छापणारं जर्नल २०१६ पासून चालू आहे आणि लेखकाकडून एक रुपया घेत नाही, वाचायलाही फुकट. पेपर छोटासा, मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांचा मजकूर), खरी परीक्षा कोडची. रिव्ह्यू गिटहबवर (कोड ठेवायची साइट) सगळ्यांसमोर चालतो, रिव्ह्यूअर चेकलिस्ट घेऊनच बसतो, इन्स्टॉल होतंय का, टेस्ट आहेत का, लायसन्स ओपन सोर्स आहे का, डॉक्युमेंटेशन वाचून नवख्याला जमेल का... आमचं डॉक्युमेंटेशन तर अक्षरशः पिंजून काढलं, पण पॅकेज सुधारलं हे खरं. शेवटी कोड झेनोडोसारख्या ऑनलाइन संग्रहात कायमचा ठेवायचा नि पेपरचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक, हातात.

घोडं अडतं ते पुढे. कॉलेजच्या समितीत पहिला प्रश्न, इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला जातो तो आकडा) किती? नाही म्हटलं की मार्क शून्य. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलची यादी, बंद केली, जर्नलचा दर्जा आता संस्थांनीच ठरवायचा म्हणे, पण आमच्याकडे अजून स्कोपसचाच (एल्सव्हिअर प्रकाशनाचा जर्नलचा डेटाबेस) जप चालूय! आकडा हवाच असेल तर एल्सव्हिअरचंच सॉफ्टवेअरएक्स हे जर्नल बघा, तिथे फी भरावी लागते.

माझ्याकडून जॉसला पाच स्टार. फक्त दोन-चार फंक्शनची स्क्रिप्ट पाठवू नका, परत येईल.