गॅसशेजारी लॅपटॉप: द्रव्य आणि रासायनिक बदल शिकवणाऱ्या साइट्स, आठ महिने वापरल्यावर

पाणी खळखळ उकळत होतं आणि थर्मामीटर ९८ वरून हलेना. लेक म्हणाली, "आई, हा खराब निघाला. परत करून टाक." पुस्तकात १००, वर्गणी भरून घेतलेल्या अ‍ॅपच्या प्रश्नांतही १००. मी बर्फाच्या पाण्यात तोच थर्मामीटर धरायला लावला. बरोबर शून्य. म्हणजे थर्मामीटर ठीक होता. मग दोघींनी बसून शोधलं. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. आमच्या स्वयंपाकघरात पाणी कधीच १०० ला उकळलेलं नाही, हे मला या वयात कळलं. अ‍ॅपमध्ये तिने ९८ लिहून पाहिलं, तर उत्तर चूक ठरलं.

जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत घरात दोन मुलांचा अभ्यास चालला. लेक नववीत, सीबीएसई, इंग्रजी माध्यम. धाकट्या दिरांचा मुलगाही नववीत, पण मध्य प्रदेश बोर्ड, हिंदी माध्यम. मी सोलापूरची, शाळा अखेरपर्यंत मराठीतून. लग्नानंतर इंदूरला आले. विषय तिघांचा एकच, शब्द तीन भाषांतले. कुठली साइट चांगली हे विचारणाऱ्या आयांना मी आधी हेच सांगते, कारण आमचा पहिला महिना यातच गेला.

पुतण्याला मी समजावत होते, "पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक." तो गोंधळून म्हणाला, "काकू, पाण्याचाच तर अणु असतो ना? हायड्रोजनचे परमाणु असतात." मी त्याला चूक म्हटलं. त्याचं बरोबर होतं. हिंदीत अ‍ॅटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. मराठीत अ‍ॅटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. एकच शब्द, एका भाषेत कण आणि दुसऱ्या भाषेत त्या कणांचा जोडलेला गट. ऊर्ध्वपातनाचंही तेच. मराठीत ऊर्ध्वपातन म्हणजे पाण्याची वाफ करून ती पुन्हा थंड करणं. हिंदीत त्याला आसवन म्हणतात, आणि ऊर्ध्वपातन म्हणजे कापूर घन अवस्थेतून थेट वायू होणं, ज्याला मराठीत संप्लवन म्हणतात. मी मनापासून शिकवत होते आणि मुलगा परीक्षेत उलटं लिहून आला असता. त्याची मी माफी मागितली.

त्यावर उपाय सापडला तो ई-बालभारती या पाठ्यपुस्तकांच्या साइटवर. महाराष्ट्राची पाठ्यपुस्तकं तिथे पीडीएफमध्ये फुकट उतरवून घेता येतात आणि एकच पुस्तक मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या माध्यमांत मिळतं. विज्ञानाच्या तीनही आवृत्त्या शेजारी शेजारी उघडल्या. तोच धडा, तेच चित्र, फक्त शब्द बदललेले. फ्रिजवर एक कागद लावला: सॉलिड, ठोस, स्थायू; एलिमेंट, तत्व, मूलद्रव्य; कंपाउंड, यौगिक, संयुग. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना यापेक्षा उपयोगी काही मी सुचवू शकत नाही, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

आता फेटबद्दल (PhET). विज्ञानाचे प्रयोग स्क्रीनवर हलवून पाहता येतात अशा सिम्युलेशन्सची ही साइट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने बोल्डरमध्ये २००२ साली हे काम सुरू केलं. सुरू करणारे कार्ल वाइमन, ज्यांना २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. सगळं फुकट, बऱ्याच गोष्टी मराठीतही आहेत, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट नसतानाही ब्राउझरमध्ये चालतं. पुतण्याच्या घरी नेट रडतखडत चालतं, म्हणून मी त्याला पेन ड्राइव्हवरच देऊन टाकलं.

'द्रव्याच्या अवस्था' हे त्यातलं आमचं सगळ्यात जास्त वापरलेलं. निऑन, आर्गॉन, ऑक्सिजन किंवा पाणी निवडायचं आणि खालून उष्णता द्यायची किंवा काढून घ्यायची. घन अवस्थेतले कण जागच्या जागी थरथरतात, द्रवात एकमेकांवरून सरकतात, वायूत सुटे धावतात. पाणी उकळताना मुलांना फक्त बुडबुडे दिसतात. आत काय चाललंय ते इथे दिसतं. लेकीने विचारलं, "या दोन कणांच्या मध्ये काय आहे?" मी म्हटलं, काहीच नाही. तिला ते पटायला दोन दिवस लागले. मध्ये हवा असणारच, हे तिने डोक्यात पक्कं धरलं होतं, आणि हवाही कणांचीच बनलेली आहे हे तिथवर पोचलंच नव्हतं. तापवल्यावर कण स्वतः फुगत नाहीत, त्यांच्यातलं अंतर वाढतं, हेही तिने बोटाने स्क्रीनवर मापून पाहिलं. एक मात्र मोठ्या माणसाने शेजारी बसून सांगावं लागतं: ऑक्सिजन लाल, हायड्रोजन पांढरा हे ओळखीसाठी दिलेले रंग आहेत. अणूला असा रंग नसतो.

पण नुसतं स्क्रीनवर पाहून मूल 'हो, समजलं' म्हणतं आणि दुसऱ्या दिवशी कोरं असतं. मी क्रम बदलला. आधी ओट्यावर करायचं, अडलं की लॅपटॉप. हा बदल केला तेव्हापासून खरा फरक पडला, आणि सगळ्यात जास्त पडला तो वस्तुमानाच्या प्रयोगात.

सराफ्याजवळून दागिने तोलायचा छोटा काटा आणला, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. ग्लासात १०० मिली व्हिनेगर, पुडीत ५ ग्रॅम खायचा सोडा. दोन्ही काट्यावर ठेवून आकडा लिहिला, मग सोडा ओतला. फसफसून शांत झाल्यावर आकडा जवळजवळ अडीच ग्रॅमनी उतरला. पुतण्या म्हणाला, "पण वस्तुमान तर तेवढंच राहतं असं लिहिलंय." कार्बन डायऑक्साइड उडून गेला, हे दोघांनाही कळलं. मग नेटवर सगळीकडे दाखवतात तसं बाटलीच्या तोंडाला फुगा लावून केलं. आता गॅस आतच राहिला, तरी आकडा दीड ग्रॅमनी उतरला! फुगा गळतोय म्हणून दोनदा बदलला. तेवढाच फरक.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी डोक्यात उजेड पडला: फुगलेला फुगा आपल्या आकाराएवढी हवा बाजूला सारतो आणि तेवढ्या हवेच्या वजनाइतका वर उचलला जातो. आर्किमिडीजचा नियम फक्त पाण्यापुरता नाही. लिटरभर हवा एक ग्रॅमहून थोडी जास्त भरते, आणि आमच्या फुग्यात दीड लिटरच्या आसपास गॅस होता. वस्तुमान कुठेही गेलं नव्हतं, काटा फसत होता. मग कोल्ड्रिंकची एक लिटरची प्लास्टिकची बाटली घेतली. ती दाब सहन करण्यासाठीच बनवलेली असते आणि फुगत नाही. फक्त २ ग्रॅम सोडा टिश्यूत गुंडाळून आत टाकला, झाकण घट्ट. बाटली कडक झाली, आकडा तसाच राहिला. झाकण सैल केलं, फुस्स झालं, आकडा उतरला. दोन्ही मुलं ओरडली. (काचेची बाटली अजिबात नको, आणि सोडा वाढवायचा नाही.)

यानंतर फेटवरचं समीकरण संतुलित करायचं आणि अभिक्रियेत काय उरतं ते मोजायचं, ही दोन्ही सिम्युलेशन्स मुलांनी स्वतःहून उघडली. उरण्याची गोष्ट तिथे आधी सँडविचने समजावली आहे: पाव चार आणि चीजचा एकच तुकडा असेल तर सँडविच एकच होणार, पाव उरणार. ग्लासाच्या तळाशी कधी सोडा का उरतो, हे पुतण्याने त्यावरून मला समजावलं.

वर्गणीच्या अ‍ॅपबद्दल नाइलाजाने लिहिते. त्यातल्या एका व्हिडिओत ठासून सांगितलं होतं की भौतिक बदल उलटवता येतो आणि रासायनिक बदल उलटवता येत नाही. मुलांनी हे पाठ केलं. मी विचारलं, "गहू दळून आणला, त्याचा परत गहू कर." तो भौतिक बदल आहे. मग घरातला इन्व्हर्टर दाखवला: बॅटरी रोज उतरते, रोज भरते, आणि आत शिसं आणि गंधकाम्लाची अभिक्रिया पुढे-मागे होते. खरा प्रश्न एवढाच की नवा पदार्थ तयार झाला का. हे समजायला पैसे लागले नाहीत, उलट पैसे देऊन चुकीचं मिळालं. शिवाय पुढच्या वर्षाच्या वर्गणीसाठी रात्री नऊलाही फोन यायचे. मार्चमध्ये मी ते बंद केलं.

ओलॅब्स ही नेटवरची प्रयोगशाळा. अमृता विश्व विद्यापीठम आणि सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने ती केलेली आहे, नववी ते बारावीच्या प्रयोगांसाठी. बेरियम क्लोराइडसारखी विषारी रसायनं घरी आणायची नसतात, तिथे त्याचा खरा आधार. सोडियम सल्फेटबरोबर पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, कसा येतो ते मुलांनी तिथेच पाहिलं. पाण्यात सोडियम टाकणंही नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या पीरिऑडिक व्हिडिओज या यूट्यूब चॅनेलवरच पाहावं.

इथल्या, मध्य प्रदेशातल्याच, एक जुनं काम मात्र फार कमी जणांना ठाऊक आहे. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत करून शिकण्याचा विज्ञान कार्यक्रम सुरू झाला, पुढे एकलव्य संस्थेने तो चालवला, आणि २००२ मध्ये तो बंद झाला. त्याची सहावी ते आठवीची हिंदी पुस्तकं नेटवर मिळतात. उत्तरं दिलेली नसतात, प्रश्न असतात. पुतण्याला ती इतकी आवडली की नववीत असून सहावीचं पुस्तक घेऊन बसतो.

एक काळजीची गोष्ट. मिनिटभराच्या व्हिडिओंत घरातली सफाईची द्रावणं एकमेकांत मिसळून 'जादू' दाखवतात. संडास साफ करायच्या आम्लात ब्लीच मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो फुप्फुसांना इजा करतो. असला व्हिडिओ लेकीने मला दाखवला तेव्हा मी ती बाटली वरच्या फडताळात कुलपात टाकली.

आता दहावीचं पहिलंच प्रकरण रासायनिक अभिक्रिया आणि समीकरणं. मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची, पुडी आणून ठेवली आहे. ते तापवलं की निळ्याचं पांढरं होतं आणि पाणी घातलं की पुन्हा निळं. सुट्टीत दोघं एकत्र करणार आहेत, खिडक्या उघड्या ठेवून, मी शेजारी उभी राहून. फ्रिजवरच्या कागदावर मोरचूद हा शब्द लेकीने आधीच लिहून ठेवलाय. खाली पुतण्याने हिंदीत नीला थोथा लिहिलंय.