सोसायटीची निगा कोणाकडे द्यावी: स्वतःची माणसे, सुटे कंत्राटदार की एकच कंपनी?

पुण्याच्या वाकड-हिंजवडी पट्ट्यात किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर दीड-दोनशे सदनिकांच्या एखाद्या सोसायटीचा कारभार विकसकाकडून निवडून आलेल्या व्यवस्थापक समितीकडे येतो, तेव्हा सदस्यांमध्ये पहिला वाद गाड्यांच्या जागेवरून होतो आणि दुसरा सफाई, सुरक्षा व देखभालीच्या कंत्राटावरून. विकसकाने नेमलेली एजन्सी महाग वाटते, तिला हटवून पैसे वाचवू असे निवडणुकीत कोणीतरी सांगितलेले असते, आणि मग समितीपुढे तीन वाटा येतात: माणसे स्वतःच्या नोकरीत घ्यावीत, प्रत्येक कामाला वेगळा कंत्राटदार नेमावा, किंवा हाऊसकीपिंगपासून एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, चालवण्यापर्यंत सगळे एकाच फॅसिलिटी मॅनेजमेंट कंपनीच्या हाती द्यावे. पुढील तुलना अशा समितीसाठी आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून सोसायटी १८० सदनिकांची आहे आणि सुरक्षा रक्षक वगळून सफाई, प्लंबिंग, वीज व एसटीपी मिळून १४ पदे लागतात, असे धरले आहे.

या बाजारातल्या मोठ्या कंपन्यांची नावे सभेत हमखास निघतात. हणमंतराव गायकवाड यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला पुण्याचा भारत विकास ग्रुप, म्हणजे बीव्हीजी, महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. मुंबईची क्रिस्टल इंटिग्रेटेड सर्व्हिसेस २०२४ मध्ये, तर चेन्नईची अपडेटर सर्व्हिसेस २०२३ मध्ये शेअर बाजारात आली. डेन्मार्कच्या आयएसएसचा उगम तर १९०१ मध्ये कोपनहेगनमधल्या रात्रपहाऱ्याच्या कंपनीत आहे. मात्र या कंपन्यांचा व्यवसाय मुख्यतः कार्यालयांचे संकुल, कारखाने, रुग्णालये आणि सरकारी कंत्राटे यांवर उभा आहे, आणि चौदा पदांच्या सोसायटीला त्यांच्याकडून विमानतळावर मिळते तसे लक्ष मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. सोसायटीच्या दारात प्रत्यक्षात येते ती बहुधा शहरातली मध्यम एजन्सी, आणि तुलना तिच्याशीच करायची आहे.

तिन्ही वाटांचा खर्च एकाच मापाने मोजल्याशिवाय निर्णय होत नाही, म्हणून एका पदाचा हिशेब मांडू. कामगाराचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना १५,००० रुपये धरू. खरा आकडा आपल्या परिमंडळाच्या किमान वेतन अधिसूचनेवरून घ्यावा, कारण विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. त्यावर प्रशासकीय शुल्क व विमा धरून भविष्य निर्वाह निधी १३ टक्के म्हणजे १,९५० रुपये, ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, ३.२५ टक्के म्हणजे ४८८, बोनस ८.३३ टक्के म्हणजे १,२५०, वर्षाला १५ दिवसांच्या पगारी रजेचे ७२२ आणि ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या सेवा-रकमेचे, ४.८१ टक्के म्हणजे ७२२ रुपये. बेरीज २०,१३२ होते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बदली माणूस लागतो, त्याचा सहावा हिस्सा ३,३५५ रुपये मिळवला की २३,४८७. इथपर्यंतचा खर्च, माणूस कोणाचाही असला तरी, कायद्याप्रमाणे वागणाऱ्याला जवळजवळ सारखाच येतो. कंत्राटदाराने सेवाशुल्क ८ टक्के लावले तर १,८७९ आणि एकूण रकमेवर १८ टक्के जीएसटीचे ४,५६६ रुपये वाढून बिल २९,९३२ वर जाते. गणवेश, फिनेल आणि यंत्रे यात अजून आलेलीच नाहीत.

आता समजा, याच पदासाठी कोणी ‘सर्व करांसह २०,०००’ असे दरपत्रक दिले. त्यातून जीएसटी काढला तर १६,९४९ रुपये उरतात, आणि वेतन अधिक भविष्य निर्वाह निधी यांची बेरीज १६,९५० आहे. ईएसआय, बोनस, रजा, बदली माणूस आणि कंत्राटदाराचा स्वतःचा नफा यांच्यासाठी काहीच शिल्लक नाही. धर्मादाय म्हणून कोणी कंत्राट घेत नाही. तेव्हा हा फरक कुठून तरी भरून निघतो: हजेरीपत्रकावर चौदा आणि जागेवर अकरा माणसे, बदलीऐवजी तोच माणूस सलग दोन पाळ्या, नाहीतर निधीच्या चलनात निम्म्यांचीच नावे. सर्वात कमी दराला सभेत टाळ्या मिळतात, पण कंत्राटदाराने वेतन थकवले तर ते देण्याचा भार मूळ नियोक्त्यावर, म्हणजे सोसायटीवर येऊ शकतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातले हे तत्त्व २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्येही कायम आहे.

स्वतःची माणसे ठेवण्याचा फायदा याच हिशेबात दिसतो. पगारावर जीएसटी नाही आणि सेवाशुल्कही नाही, म्हणजे पदामागे ६,४४५ रुपये आणि चौदा पदांमागे महिन्याला ९०,२३० रुपये वाचतात. हे सदनिकेमागे सुमारे ५०० रुपये झाले. ज्या सोसायटीचा मेंटेनन्स सदस्यामागे महिना ७,५०० रुपयांच्या आत आहे आणि जिची जीएसटी नोंदणी नाही, तिला एजन्सीच्या बिलातल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे तिच्या दृष्टीने हे १८ टक्के कायमचे गेलेले असतात. वाचलेल्या रकमेत एक जाणता पूर्णवेळ व्यवस्थापक नेमता येतो, आणि तो नेमलाच पाहिजे, कारण या वाटेवर देखरेख विकत मिळत नाही. बदली माणूस शोधणे, रजा मांडणे, भांडणे मिटवणे, पाण्याच्या टाकीचा पंप रात्री बंद पडला तर कोणाला उठवायचे हे ठरवणे, ही सगळी कामे सेक्रेटरीच्या अंगावर येतात. निवृत्त आणि उत्साही सेक्रेटरी असेपर्यंत व्यवस्था सुरळीत चालते, पण तो मुलाकडे परदेशी गेला की तिची वीण उसवते. निधीचा कायदा २० कर्मचाऱ्यांपासून बंधनकारक होतो, म्हणून चौदा जणांना तो द्यायचा नाही असा हिशेब काही खजिनदार करतात. तो कायद्यात बसतो, पण मग तुलना करताना एजन्सीच्या दरातूनही ते १३ टक्के वजा करून पाहावेत, नाहीतर कामगाराच्या पोटातून काढलेली रक्कम सोसायटीची बचत म्हणून मिरवली जाते.

सुट्या कंत्राटदारांची वाट जुन्या, लहान इमारतींना मानवते. सफाईवाला वेगळा, प्लंबर बोलावल्यावर येणारा, पंपाचा वार्षिक करार तिसऱ्याकडे. तीस-चाळीस सदनिकांना याहून जास्त काही लागत नाही. मोठ्या सोसायटीत मात्र दोन कामांच्या सांध्यावर गोंधळ होतो: तळघरात पाणी साचले तर प्लंबर म्हणतो गटार तुंबले, सफाईवाला म्हणतो पंप चालत नाही, आणि वीजवाला उद्या येतो म्हणून सांगतो. इथे एका धोक्याची वेगळी नोंद हवी. मैलाटाकी किंवा गटार साफ करायला ओळखीतल्या कोणाला तरी आत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूंसाठी किमान ३० लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारांना बजावले. हे काम यांत्रिक साधने असलेल्या संस्थेकडेच द्यावे. दर दुप्पट असला तरी त्यावर घासाघीस करू नये.

एकाच कंपनीकडे सगळे देण्यात पैशाची बचत फारशी नसते. मिळते ती एक जबाबदार व्यक्ती, जिला फोन करता येतो, आणि गैरहजर माणसाच्या जागी दुसरा येण्याची शाश्वती. पण ही शाश्वती कंत्राटाच्या मजकुरावर अवलंबून असते, आणि इथे दोन अगदी वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. पहिल्या प्रकारात कंपनी माणसे मोजून देते: चौदा माणसे, इतके तास. दुसऱ्यात ती निकाल देते: जिना दिवसातून इतक्यांदा पुसलेला, एसटीपीच्या पाण्याची तपासणी ठरलेल्या मर्यादेत, लिफ्टबाहेरचा दिवा बंद पडल्यापासून चार तासांत बदललेला. दुसरा प्रकार कागदावर अर्थातच श्रेष्ठ दिसतो, परंतु तो मोजायला सोसायटीकडेही कोणीतरी जाणकार लागतो. तो नसेल तर पहिला प्रकार घेऊन हजेरी काटेकोर पाहावी. निकालाचे कंत्राट करून मागून माणसे मोजत बसणे, आणि तीही कमी भरली म्हणून भांडणे, हा प्रकार मात्र दोन्ही बाजूंना छळतो.

या वाटेवरची एक गोष्ट फार कमी समित्या पाहतात, ती ग्रॅच्युइटीची. कायम कामगाराला ती साधारणपणे ५ वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते. निश्चित मुदतीच्या कामगाराला नव्या संहितेप्रमाणे १ वर्षानंतर. सोसायटी दर दोन वर्षांनी एजन्सी बदलते, माणसे तीच राहतात, फक्त शर्टावरचे बोधचिन्ह बदलते. म्हणजे ४.८१ टक्के दरमहा सोसायटीने भरले, कामगाराची पाच वर्षे कोणत्याच मालकाकडे पुरी झाली नाहीत, आणि रक्कम जुन्या एजन्सीकडे राहिली. म्हणून बोनस आणि ग्रॅच्युइटी मासिक बिलात न देता, कामगाराला दिल्याचा पुरावा आल्यावर चुकती करावी, असे कलम आग्रहाने घालावे. जी एजन्सी या कलमावर उठून जाते, ती जाऊ द्यावी.

सुरक्षा रक्षकांचा विचार महाराष्ट्रात वेगळा करावा लागतो. १९८१ च्या राज्य कायद्याने सुरक्षा रक्षक मंडळे स्थापन झाली आहेत, आणि सोसायटीला नोंदणी करून मंडळाकडून रक्षक घेता येतात. वेतन आणि त्यावरची लेव्ही, म्हणजे टक्केवारीने लागणारी आकारणी, मंडळाकडे भरायची, निधी-बोनसाची व्यवस्था मंडळ पाहते. कामगाराच्या हिताने ही सर्वात चोख व्यवस्था आहे. रात्री डुलक्या घेणारा रक्षक उद्याच बदलून हवा, ही सोय मात्र खासगी एजन्सीकडे अधिक सहज मिळते. खासगी एजन्सी घेताना २००५ च्या केंद्रीय कायद्याखालचा परवाना पाहावा आणि पाळी किती तासांची ते विचारावे. दोन रक्षकांत चोवीस तास भागवायचे म्हणजे प्रत्येकी १२ तास, आणि वरच्या ४ तासांचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो. दरपत्रकात तो नसेल तर तो रक्षकालाही मिळत नाही असे समजावे.

लिफ्टची देखभाल आणि अग्निशमन यंत्रणा मी कोणत्याही एकत्रित कंत्राटात घालणार नाही. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीचा करार थेट ठेवावा, मध्ये कमिशनचा आणखी एक थर नको. अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र २००६ च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडूनच द्यायचे असते.

माझा कौल असा आहे. ५० सदनिकांच्या आत सुटे कंत्राटदार पुरतात. १८० सदनिकांच्या आपल्या उदाहरणात, समितीत हिशेबाला बसणारी दोन माणसे किमान तीन वर्षे टिकणार असतील, तर सफाई स्वतःच्या नोकरीत आणि एसटीपी, वीज व पंप एका तांत्रिक एजन्सीकडे, ही विभागणी पैशाने आणि कामाने सर्वात बरी पडते. तशी माणसे नसतील तर एकच कंपनी घ्यावी आणि सदनिकेमागचे ते ५०० रुपये देखरेखीची किंमत म्हणून सभेत उघडपणे मांडावेत. चारशे-पाचशे सदनिकांच्या वर मात्र एकाच कंपनीला पर्याय उरत नाही.

कंपनी घेतली तर करारावर सही करण्याआधी तो कसा संपणार हे आधी ठरवावे. सूचनेची मुदत ३० की ६० दिवस, जुन्या एजन्सीच्या कामगारांना नव्या एजन्सीत घेण्याची मुभा, जनरेटर आणि एसटीपीच्या नोंदवह्या, पाइप व वायरिंगचे नकाशे, किल्ल्यांचा जुडगा आणि प्रवेशद्वाराच्या ॲपचे पासवर्ड कोणाच्या मालकीचे, हे सगळे लिहून घ्यावे. शेवटच्या महिन्याचे बिल त्या महिन्याच्या निधी-चलनाची प्रत नावांसह हाती आल्यावरच द्यावे, आणि अनामत त्यानंतर दोन महिन्यांनी.