सायकल मार्गिका: काढावी, रंगवावी की बांधून घ्यावी?

रस्त्याच्या कडेची सायकल मार्गिका काढून ती जागा मोटारींना परत द्यावी, ही मागणी आता दूरदेशीची राहिलेली नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून टोरांटो शहरातील ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या रस्त्यांवरील मार्गिका हटवण्याचे ठरवले. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये आलेल्या मार्गिकाही काढून मोटारींसाठी जागा वाढवण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. गोव्यात अशा मार्गिका मुळातच थोड्या असल्यामुळे आपल्यापुढे हा प्रश्न जरा वेगळ्या रूपात येतो. आहे ती पट्टी पुसून टाकावी, तशीच राहू द्यावी, की कठडा घालून नीट बांधून घ्यावी, असे तीन पर्याय आपल्यासमोर असतात. प्रभागाच्या बैठकीत किंवा ग्रामसभेत हात वर करण्यापूर्वी ज्यांना यावर विचार करायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मी ताळगावहून पणजीला कामावर सायकलने जातो आणि त्याआधी नोकरीनिमित्त पुण्यात असताना तिथेही सायकलच चालवत होतो. या तिन्ही प्रकारच्या रस्त्यांचा मला अनुभव आहे. त्यामागे मोजमाप नाही, हे मात्र वाचकांनी लक्षात ठेवावे.

मार्गिका नसलेल्या रस्त्याची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. पणजीतील फोंतेन्यास, मळा किंवा सांतोमे या जुन्या भागांतील अरुंद रस्त्यांवर मोटारी मुळातच सावकाश चालतात, आणि तिथे कोणी मार्गिकेची मागणी केली तर मी तिला विरोध करीन. पाटोहून रायबंदरला जाणाऱ्या सतराव्या शतकातील बांधावरही, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरे असताना, रस्ता रुंद करायला जागाच नाही. तिथे मागून येणारा चालक सायकल दुरून पाहतो, वेग कमी करतो आणि समोरचा रस्ता मोकळा झाल्यावरच पुढे जातो. सगळेच असे वागतात असे नाही, पण बहुतेक जण वागतात, असे मला दिसले आहे. हा पर्याय अपुरा पडतो तो रुंद आणि वेगवान रस्त्यावर. बांबोळीच्या बाजूला महामार्गावर मी आजही सायकल नेत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे नुसती रंगाची पट्टी. तिला खर्च कमी लागतो, ती लवकर होते, आणि कागदावर मार्गिकेची लांबी पटकन वाढते. याच पर्यायातल्या एका त्रासाने माझे मत ठरले, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

कार्यालये सुटायची वेळ आहे आणि पट्टीवर एक मोटार उभी आहे. तिचे चारही दिवे लुकलुकत आहेत आणि चालक समोरच्या दुकानात औषध आणायला गेला आहे. सायकलस्वाराला आता पट्टी सोडून उजवीकडे यावे लागते. सायकलला आरसा नसतो, त्यामुळे मान वळवून मागे पाहावे लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी उभ्या मोटारीचे उजवे दार उघडणार नाही ना, याकडेही लक्ष ठेवावे लागते. मागून येणाऱ्या बसचा चालक रंगवलेली पट्टी पाहून असे गृहीत धरतो की सायकल आपल्या जागेतच राहील, म्हणून तो वेग कमी करत नाही. मार्गिका नसलेल्या रस्त्यावर याच चालकाने मला आधीच हेरून अंतर ठेवले असते. म्हणजे पट्टीमुळे चालकाची सावधगिरी जाते आणि सायकलस्वाराला जागाही मिळत नाही. एक मोटार ओलांडून पट्टीत परतावे तर पुढे भाड्याच्या स्कूटरांची रांग लागते, आणि तिच्याही पुढे पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, गिऱ्हाइकाची वाट पाहत थांबलेला असतो. आत-बाहेर करण्याच्या या प्रत्येक वळणावर जीव मुठीत धरावा लागतो. मिरामार ते दोनापावला या रस्त्यावर सायकलींसाठी राखलेल्या जागेचाही वेळोवेळी पार्किंगसाठीच उपयोग झाला आहे. सायकल मार्गावर मोटारवाहन चालवू नये, असे रस्तानियमांतच लिहिलेले आहे, तेव्हा नियमाची उणीव आहे असे म्हणता येत नाही. पावसाळ्यात ओल्या रंगावर टायर घसरतो आणि डाव्या कडेचे पाणी नेमके पट्टीवरच साचते, हे त्याशिवाय.

मार्गिका निरुपयोगी आहे असे कोणी म्हणतो, तेव्हा तो बहुधा अशीच पट्टी पाहून बोलत असतो, आणि तेवढ्यापुरते मला त्याचे म्हणणे पटते. परंतु यावरून सर्वच मार्गिका काढून टाकाव्यात असा निष्कर्ष निघत नाही. टोरांटोच्या प्रकरणात न्यायमूर्ती पॉल शाबास यांनी जुलै २०२५ मध्ये निकाल देताना नोंदवले की, या मार्गिका काढल्याने वाहतूककोंडी कमी होण्याची शक्यता नाही, उलट सायकलस्वारांच्या जिवाचा धोका वाढेल. त्यांनी तो कायदा जीविताच्या आणि सुरक्षिततेच्या हक्कावर घाला घालणारा ठरवला, आणि सरकार त्याविरुद्ध अपिलात गेले. गिऱ्हाईक तुटेल ही आपल्याकडच्या दुकानदारांची भीती ब्लूर रस्त्यावरच्या व्यापाऱ्यांनाही होती. तिथे २०१६ मध्ये मार्गिका आल्यावर झालेल्या पाहणीत ग्राहकांची ये-जा उलट वाढलेली आढळली. पणजीच्या मार्केटात तसेच होईल असे मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण चतुर्थीच्या बाजाराची गर्दी ही वेगळीच गोष्ट आहे.

तिसरा पर्याय म्हणजे कठड्याने किंवा खांबांनी वेगळी केलेली मार्गिका. तिचे दोष मी पुण्यात सातारा रस्त्यावर पाहिले आहेत. मार्गिका मध्येच संपते, वाटेत विजेचा खांब किंवा टपरी येते आणि कोंडी झाली की दुचाक्या आत घुसतात. आपल्याकडे यात आणखी एका गोष्टीची भर पडेल, ती म्हणजे पावसाळा. कठड्याला पाणी जायला पुरेशी तोंडे ठेवली नाहीत तर जून ते सप्टेंबर मार्गिकेचा पाट होईल, आणि पाणी ओसरल्यावर उरलेली वाळू व पालापाचोळा झाडायला आत माणूस पाठवावा लागेल. बसथांब्याजवळ उतरणाऱ्या वृद्धांना ती ओलांडावी लागते, त्याचाही विचार आराखड्यात हवा. उन्हात कोण सायकल चालवणार, या आक्षेपात मात्र मला फारसा जोर दिसत नाही. स्पेनमधील सेव्हिल शहरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तरीही २००६-०७ च्या सुमारास तिथे सुमारे ८० किलोमीटरचे, वेगळे केलेले आणि एकमेकांना जोडलेले मार्ग अल्पावधीत बांधले गेले आणि सायकलींची संख्या अनेक पटींनी वाढली.

शिवाय सायकल ही फक्त व्यायामासाठी निघालेल्यांची नाही. पहाटे आणि संध्याकाळी भोंगा वाजवत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, आजही पुष्कळ गावांत सायकलवरच असतो. बांधकामावर जाणारे मजूर आणि शाळेची मुले यांना दुसरे वाहन परवडत नाही किंवा चालवता येत नाही. पोदेराची मागची टोपली हँडलपेक्षा रुंद असते. मार्गिकेच्या तोंडाशी मोटारी अडवणारे खांब इतके जवळ रोवले की टोपली अडकेल, तर तो बाहेरच्या रस्त्यावरच राहील. असे खांब रोवण्यापूर्वी एका पोदेराला तिथून सायकल नेऊन पाहायला सांगावे, एवढे मी आमच्या भागात सुचवले आहे.

माझा कल एव्हाना लक्षात आला असेल. वेगवान, रुंद आणि शाळा किंवा बसस्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी कठड्याच्या मार्गिकेच्या बाजूने आहे, मग ती थोड्याच अंतराची असली तरी चालेल. फक्त ती मध्येच तुटू नये आणि पावसापूर्वी व पावसानंतर झाडली जावी. माझ्यापेक्षा वेगळ्या रस्त्याने जाणाऱ्याला कदाचित दुसरे काही सोयीचे वाटेल. कठडा होणारच नसेल, तर रंगाची पट्टी पुसून त्या रस्त्यावरचा वेग गतिरोधकांनी उतरवावा, या ठरावालाही मी हात वर करीन. पट्टी पुसून तिथे पार्किंग मागणाऱ्या ठरावाला मात्र माझा विरोध राहील.